चौथ्या मजल्यावरची दुसरी बाई

हे माझ्या बाबतीत घडलंय. ऐकलेलं नाही, कुणाच्या मावसबहिणीचंही नाही. पटलं नाही तर सोडून द्या, पण मला खोटी म्हणू नका.

आणि यात रात्र नाही. जे घडलं ते लख्ख दुपारी, सव्वातीनच्या सुमारास, मोठ्या रस्त्यावरच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घरात.

मी पडद्यांच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, हे माझं काम. आधी रुंदी, मग उंची. माप मोठ्याने बोलायची सवय आहे मला. पूर्वी सोबत लिहायला कुणीतरी असायचं. नंतर दुकानाने तो खर्च वाचवला. मी एकटीच जाते, बोलते आणि स्वतःच लिहिते.

अकरा वर्षं मी लोकांच्या खिडक्या मोजल्या.

आणि आमच्या घराला एकच खिडकी होती. ती उघडली की समोरच्यांचा ओला टॉवेल नाकाला लागायचा.

सांगायला लाज वाटते, पण प्रत्येक चांगलं घर बघून माझ्या पोटात दुखायचं. हिला इतका उजेड कशाला? हिच्या नवऱ्याने असं काय केलं, जे माझ्याने केलं नाही?

तीन वर्षांपूर्वी, एका मंगळवारी, मी त्या कोपऱ्यातल्या घरी माप घ्यायला गेले. गिऱ्हाईक बँकेत नोकरीला होती. मी तिला मनातल्या मनात बँकवाली म्हणायचे. घर रिकामं होतं. तिने भाड्याने घ्यायचं ठरवलं होतं, करार गुरुवारी व्हायचा होता.

मी हॉलच्या खिडकीला टेप लावला. "बहात्तर... चौपन्न."

दोन बाजूंनी उजेड. लांबवर झाडं. वारा असा, की घाम जागेवर सुकला.

माझा जीवच जडला त्या घरावर.

बँकवाली इकडून तिकडे फोनवर बोलत फिरत होती. "अगं, ठीकठाक आहे," असं कुणाला तरी सांगत होती. ठीकठाक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी जे केलं ते केलं. दारावरच्या पाटीवरून मालकीणबाईंचा नंबर घेतला. संध्याकाळी फोन करून सांगितलं, की बँकवाली नवरा-बायको दोघंच येतोय म्हणतात, पण सात माणसं राहणार आहेत. साफ खोटं. आणि वर म्हटलं, आम्ही मात्र खरंच दोघंच आहोत.

पुढच्या महिन्यात आम्ही तिथे राहायला गेलो.

दुकानाला बुधवारी सुट्टी असते. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. पहिल्याच बुधवारी मी दुपारी आडवी झाले होते. मागच्या खोलीतून आवाज आला...

सर्रर्र... खट्.

पोलादी टेप ओढून सोडला की होतो, तो आवाज. झोपेतही ओळखेन मी तो.

माझा टेप माझ्या पिशवीत होता. पिशवी माझ्या उशाशी होती.

मागच्या खोलीत कुणी नव्हतं. पण एक गोष्ट लक्षात आली... रस्त्याचा आवाज बंद झाला होता. एवढी वाहनं, एवढे हॉर्न, काहीच ऐकू येत नव्हतं. मी हॉलमध्ये आले तसा तो पुन्हा सुरू झाला.

"तुझं डोकंच इंचात चालतं," नवरा हसला. "कान पण तसेच झालेत."

पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. मग भिंतीवर खुणा दिसायला लागल्या.

पेन्सिलच्या खुणा. आमच्या धंद्यात करतात तशा. पण मी फुली करते आणि या उभ्या रेघा होत्या, खाली छोटी आडवी रेघ. पुसल्या तर आठवड्याने परत यायच्या. एकदा कपाट सरकवलं, तर त्याच्या मागेही तीन. तिथे हात जायलाही जागा नव्हती.

एका दुपारी मी टेप काढला आणि खुणांमधलं अंतर मोजत गेले. हळूहळू उलगडत गेलं.

कुणीतरी घर लावत होतं.

इथे पलंग. इथे टेबल. खिडकीजवळ खुर्ची, उजेड डावीकडून येईल अशी. पलंग तीन फूट रुंद. एका माणसाचा. सगळ्या घरात खुर्चीही एकच.

आम्हा दोघांना त्यात जागाच नव्हती.

खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी राग आला. कारण ती मांडणी माझ्या मांडणीपेक्षा चांगली होती.

मला बँकवालीचाच संशय आला. हिच्याकडे चावी राहिली असणार. घर गेलं म्हणून माझ्यामागे येऊन सूड उगवतेय. मी तिला फोन लावला. पडद्यांचं निमित्त होतंच.

"मॅडम, तुमच्या पडद्यांचं राहूनच गेलं. नवीन घर मिळालं का? मापं घ्यायला येऊ?"

"या की ताई! बरं झालं बाई ते घर हुकलं. आता आम्हाला दोन बाल्कन्यांचं मिळालंय."

दोन बाल्कन्या. ती खुशाल होती. तिला माझ्या घराची आठवणही नव्हती.

मग ती म्हणाली, "त्या दुसऱ्या ताई पण येणार का तुमच्यासोबत?"

"कोण दुसऱ्या?"

"त्या नाही का, मागच्या वेळी होत्या? तुम्ही माप सांगत होता, त्या भिंतीपाशी उभ्या राहून लिहीत होत्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी पाणी हवं का विचारलं, तर बोलल्याच नाहीत. नुसत्या तुमच्याकडे बघत होत्या. रागावल्यासारख्या. तुम्ही गेलात तरी त्या खिडकीला हात लावून उभ्याच. मी म्हटलं, चला आता, मला कुलूप लावायचंय..."

"मग?"

"मग मी फोनवर बोलत बाहेर आले. त्या पण आल्याच असतील ना मागून?"

मी एकटी गेले होते. त्या मंगळवारी मी एकटीच गेले होते.

पुढच्या बुधवारी मी सव्वातीनला हॉलमध्ये उभी राहिले. भिंतीकडे पाठ, तोंड खिडकीकडे. रस्ता गप्प झाला. मी मोठ्याने म्हणाले, "बहात्तर."

मागे भिंतीवर... खर्र... खर्र...

कुणीतरी लिहून घेतलं.

"हे घर माझं आहे," मी म्हणाले. "करारावर माझी सही आहे."



मग टाचेला गार पत्रा लागला... सर्रर्र... पाठीवरून वर... मानेवरून वर... डोक्यापाशी थांबला.

खट्.

आणि पुन्हा पेन्सिलचा आवाज.

मी जिना कसा उतरले, आठवत नाही. नवरा येईपर्यंत खाली फाटकाशी बसून होते.

त्याने भिंतीवरची नवी रेघ पाहिली. बरोबर माझ्या उंचीवर. तो हसला नाही. "सोडू हे घर," म्हणाला.

मालकीणबाईंना कळवलं. मी शेजारी, दुकानात, सगळीकडे विचारलं, इथे आधी कोण राहायचं. कुणी मेल्याचं, कुणाला काही झाल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती कोण, कधीची, मला आजही माहीत नाही.

महिन्याभराने एक जोडपं घर बघायला आलं. मुलगी खिडकीपाशी गेली, डोळे मिटून वारा घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "आपण हेच घ्यायचं."

आपण!

माझ्या अंगाची लाही झाली. रस्ता एकदम गप्प झाला. माझ्या खांद्याला लागून कुणीतरी उभं होतं आणि तीही त्या मुलीकडेच बघत होती, हे मी मान न वळवता सांगू शकत होते.

"इथे पाणी येत नाही," मी म्हणाले. "आणि भिंतींना ओल आहे."

दोन्ही खोटं. मुलीचा चेहरा पडला. ते निघून गेले. मागे कुणी काही लिहिलं नाही.

आम्ही अजून तिथेच राहतो. बुधवारी दुपारी मी घरात थांबत नाही. खुणा येतात, मी पुसते. भीती वाटते का? वाटते. पण या खिडकीत दुसरी कुणी उभी राहील, या विचारापुढे ती भीती काहीच नाही.

परवा नवरा वैतागून म्हणाला, "अगं, मरेपर्यंत इथेच राहायचंय का तुला?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले.

मरेपर्यंत... एवढंच मला पुरणार नव्हतं.