ओल्या पिवडीचं नाव

पावसाची भुरभुर चुकवायला तो ब्रिस्टलमधल्या मिस्टर टक यांच्या रंगाच्या दुकानात शिरला, आणि तिथे काम करणाऱ्या डोरीनने नुकत्याच रंगवलेल्या नमुन्याच्या ओल्या पट्टीवर त्याने कोपर टेकवलं.

"गेला कोट," ती म्हणाली.

"कुठला रंग हा?"

"अजून बारसं व्हायचंय."

पिवडी, गेरू, असल्या मातकट रंगांना नावं देणं हे डोरीनचं काम. दर वसंतात दुकानाचं रंगांच्या नमुन्यांचं नवं कार्ड निघे. नियम एकच – ओल्या रंगाला नाव द्यायचं नाही. पिवडी ओली असताना गडद दिसते, सुकली की फिकी पडते.

तो ॲम्ब्रोज, सुतार. मग दर शनिवारी येऊ लागला. भिंत काही रंगवायची नव्हती.

"हा?"

"शिळी मोहरी."

"आणि हा?"

"दूध जास्त झालेला चहा."

"तुमच्या घरी चहा कोण करतं, शत्रू?"

ती हसली. "हा कोल्ह्याची पाठ... भिजलेली."

"मला तुमचे केस वाटले," असं म्हणून तो घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागला.

पाचव्या शनिवारी त्याने स्वतः एक रंग कालवला, पट्टीवर ओढला.

"डोरीन, तुम्ही... माझ्याबरोबर याल? कायमच्या? शुक्रवारी माझी–"

तिचं उत्तर ओठांवर आलं होतं. पण इतकं सुख एकदम घ्यायची तिला सवय नव्हती. आठवडाभर ते उराशी बाळगावंसं वाटलं.

"ओल्यात ठरवायचं नसतं," त्याला मधेच तोडत ती हसून म्हणाली. "सुकू दे. पुढच्या शनिवारी सांगते."

"बरं," तो म्हणाला. ओली पट्टी चिमटीत धरून निघून गेला.

शनिवारी तिने ठेवणीतला झगा घातला. तो आला नाही.

सोमवारी टपालाने ती पट्टी आली. शिक्का साउदॅम्प्टन बंदराचा. मागे लिहिलं होतं – 'शुक्रवारी कॅनडाची बोट होती. दोन तिकिटं काढली होती. रंग सुकला. जरासुद्धा फिका पडलेला नाही.' पत्ता नव्हता.

तिने पट्टी उजेडात धरली. पिवडीच ती, चांगली फिकी पडली होती. मेल्याला एवढ्या शनिवारांत तेवढंही ओळखता येऊ नये...

"कार्ड छापायला जायचंय," टक म्हणाले. "याला काय नाव देतेस?"

"नाव नको," डोरीन म्हणाली. "नुसता नंबर टाका."