पळतं अक्षर

राजारामपुरीत फ्लेक्सची दुकानं पैशाला पासरी, पण कुस्तीचं मैदान ठरलं की लोक संयोगिताकडेच येत. तिच्या कॉम्प्युटरवर आकाराम पेंटरांचं अक्षर होतं. जाडजूड, पुढे झुकलेलं, शर्यतीत सुटलेल्या बैलासारखं. आकाराम तिचे वडील. जन्मभर ब्रशनं लिहिलेली त्यांची अक्षरं तिनं एकेक करून कॉम्प्युटरवर चढवली होती. ते त्याला 'पळतं अक्षर' म्हणायचे.

"मोठ्या दोन शब्दांस्नी घाल," ते सांगायचे. "मैदानाला घाल, वाढदिवसाला घाल. बारक्या मजकुराला घातलंस की खिचडी हुतीया. आनि मेलेल्याच्या नावाला कधी न्हाय. त्येचं नाव सरळ लिवायचं. मेल्यालं मानूस थांबाय पायजे."

वैशाखात तेच गेले. श्रद्धांजलीच्या बोर्डासाठी संयोगितानं त्यांचं नाव सरळ अक्षरात टाकून पाहिलं. कुणा परक्याचंच वाटलं. तिला रडू कोसळलं. मग सगळीच नावं तिनं पळत्या अक्षरात घेतली. वर डावीकडे फोटो, शेजारी 'आकाराम'. खाली उजव्या कोपऱ्यात, शोकाकुल: तानाबाई, संयोगिता. तानाबाई म्हणजे तिची आई.

बोर्ड दुकानासमोर, रस्त्यापलीकडे लागला. थोड्याच दिवसांत वडिलांचं नाव फोटोपासून सरकल्यासारखं दिसायला लागलं. उन्हानं फ्लेक्स ताणला जातो, हे तिला काय नवीन होतं? पण मग फोटोही वाकडा व्हायला हवा. तो होता तसाच हसत होता.

पुढच्या आठवड्यात नाव आणखी खाली, उजवीकडे आलं.

आई दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बोर्डाकडे बघत बसू लागली. जेवण सुटलं होतं तिचं, पण चेहरा असा खुललेला की बघवत नव्हतं.

"आई, घरात चल की."

"ऱ्हाऊ दे गं. याय लागल्यात त्ये. जवळच हाईत."

"कोण?"

आईनं नुसता पदर सारखा केला.

नाव कुणाकडे निघालंय, ते संयोगिताच्या ध्यानात आलं. वडील गेलेच होते. आईला ती जाऊ देणार नव्हती. त्याच दुपारी तिनं फाइल उघडली आणि 'आकाराम' एवढा एकच शब्द सरळ केला. बाकी कशाला हात लावला नाही. "आबा, थांबा आता," ती पुटपुटली आणि पुन्हा रडली.

छपाई झाल्यावर ती स्वतः शिडीवर चढली, जुना बोर्ड सोडला, नवा बांधला. रस्ता ओलांडून आईच्या खुर्चीपुढे आली आणि वळून पाहिलं.

फोटोशेजारी 'आकाराम' सरळ उभं होतं. थांबलेलं.

तिचा जीव भांड्यात पडला.

"आई, बघ की."

पाठीमागून हूं नाही की चूं नाही.

तिची नजर बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यावर गेली.

'तानाबाई' सरळ उभं होतं.

त्याच्याशेजारी तिचं एकटीचं नाव तेवढं पळत होतं.