कुंपणालगतच्या मिरच्या

खालापूरचा बाजार उठायला आला होता. चिमा ठाकरणीच्या टोपलीत मूठभर मिरच्या तेवढ्या उरल्या होत्या... जांभळ्या, पिवळ्या, दोन-चार लालभडक. विमलनं हात पुढे केला, तोच पलीकडून आणखी एक हात आला.

"अगं बाई!" तिनं हात मागे घेतला.

"तुम्हीच घ्या. मी नुसता रंगाला भुललो," तो तरुण म्हणाला.

"वाटून घ्या की," चिमा हसली. "आता दुसऱ्या नाय माज्याकडं."

"मला खायच्या नाहीत, बी धरायचंय."

"मग मी खातो, बी तुमचं!" म्हणत त्यानं खरंच एक मिरची चावली... आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! विमल खळखळून हसली. नवरा गेल्यापासून ती चारचौघांत अशी हसली नव्हती.

तो हेमचंद्र, शाळेतला नवा मास्तर. आठवडाभरात त्यानं विमलच्या घरामागचीच खोली भाड्यानं घेतली.

विमलनं बी राखेत घोळून फुटक्या माठात पेरलं. रोपं वीतभर झाल्यावर परसात, कुंपणाच्या कडेनं लावली. रोज संध्याकाळी पलीकडून हाक यायची, "आज किती फुलं?" श्रावणातल्या सरी ओसरल्या आणि झाडं रंगांनी लगडली.

"यातला खरा रंग कोणता हो?" एकदा त्यानं विचारलं.

"शेवटी सगळ्या लालच होतात. जांभळ्या, पिवळ्या वाटेत."

"आणि माझा रंग?"

"तुम्ही? अजून हिरवेच!"

तो हसला नाही. कुंपणावरून तिचा हात धरून हळूच म्हणाला, "विमल... माझ्याशी लग्न कराल?"

तिनं हात सोडवून घेतला, आणि रात्रभर तोच हात छातीशी धरून जागी राहिली. सकाळी धीर करून तिनं दादाला सांगितलं. दादा वकील होता, भाऊबंदांत मान असलेला. विधवा बहिणीचं लग्न म्हणजे घरावर बहिष्कार, हे दोघांनाही ठाऊक होतं. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जा, होकार दे. लोकांचं मी बघतो."

ती धावतच कुंपणाशी गेली. "दादा हो म्हणाला! मी... मीही."

हेमचंद्रचा चेहरा उतरला. तो कितीतरी वेळ चपलेनं माती उकरत राहिला.

"तुम्ही नाहीच म्हणाल, असं वाटलं होतं," तो शेवटी पुटपुटला. "आई... तिला हे सोसायचं नाही. शाळेतही राहता येणार नाही मला."

"मग विचारलंत कशाला?"

"त्या वेळी खरंच वाटलं होतं, विमल."

ती समोरच्या झाडावरची पानं नुसती चुरगळत राहिली, मग वळली.

दादा ओसरीवर वाट पाहत बसला होता. "काय म्हणाला?"

विमल पायरीशी थांबली. शेजारपाजारी दादाची मान खाली जायला नको होती, आणि तिची स्वतःचीही.

"मीच नको म्हटलं, दादा. नाही जमायचं मला."

"वेडी आहेस," दादा म्हणाला. पण त्याआधी त्यानं सोडलेला सुटकेचा निःश्वास तिला स्पष्ट ऐकू आला होता.