ओंजळभर ऊन

दाभोळला आबिदाची आई परातीतल्या उरल्यासुरल्या पिठाची शेवटी एक तळहाताएवढी भाकरी थापायची. पोरांची चानकी. लग्नानंतर सौदीतल्या तबूकला आल्यावरही आबिदाने ती रीत सोडली नव्हती. बाहेर कोरडा वारा खिडकीच्या फटीतून शीळ घालायचा आणि आत तांदळाच्या उकडीचा वास सुटला, की तिला क्षणभर खाडीकाठचं घर भेटायचं.

लेक सुहाना पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी तव्यावरची चानकी पसरत गेली. फुगली नाही, पसरली. दुप्पट झाली. बाकीच्या भाकऱ्या होत्या तशाच. दुसऱ्या दिवशी आबिदाने सुपारीएवढंच पीठ घेतलं. पुन्हा तेच.

"अगो, पोरीच्या नावाला बरकत हाय!" तिचा नवरा हम्माद हसला. तो शहराबाहेरच्या शेतांवर पंप दुरुस्त करायचा. भाकरी हातात घेऊनच गाडीत बसला. "उद्या मलापण चानकीच दे."

आबिदाला हसू आलं नाही. बी.ए.ला तिचा इतिहास होता. मॅसिडोनियाच्या राजघराण्याची ती दंतकथा: परक्या राजाकडे गुरं राखणारे तीन भाऊ. राणी स्वतः भाकऱ्या भाजायची, आणि धाकट्याची भाकरी दर वेळी दुप्पट व्हायची. राजा घाबरला. त्यांना हाकलताना धुराड्यातून जमिनीवर पडलेलं ऊन दाखवून म्हणाला, ही तुमची मजुरी. धाकट्याने सुरीने उन्हाभोवती रेघ ओढली, तीन ओंजळी ऊन ओटीत घेतलं आणि चालता झाला. पुढे राजा झाला. परीक्षेत आबिदाने हे छान लिहिलं होतं. त्या पोराच्या आईचं काय झालं, ते पुस्तकात नव्हतं.

सुहानाला ही गोष्ट तिने कधीच सांगितली नव्हती.

तिने चानकी करणंच बंद केलं.

शुक्रवारी हम्माद नमाजाला गेलेला. स्वयंपाकघरातून कर्र कर्र आवाज आला. सुहाना फरशीवर उकिडवी बसून लोण्याच्या सुरीने उन्हाच्या चौकोनाभोवती रेघ ओढत होती.

"काय करतेस गो?"

"ले जा रही हूँ." नेहमीसारखी शाळेतली हिंदी.

"कुठे?"

"मेरे घर."

"हेच तुझं घर, बाळा."

सुहानाने वर पाहिलं. परक्या बाईकडे पाहावं तसं, अदबीने. "नहीं अम्मी. धिस इज योर्स."

एक ओंजळ फ्रॉकच्या घेरात.

दुसरी.

तिसरीला आबिदाने तिचे हात धरले. ते तव्यासारखे तापले होते.

दुसऱ्या दिवशी ऊन सरकत सरकत रेघेपाशी आलं. आतली फरशी काळोखीच राहिली. फक्त कोपऱ्यात ओंजळभर ऊन पडलं, तिसरं, राहून गेलेलं.

आबिदाने त्यावर चटई टाकली.

सुहाना आता दहा वर्षांची आहे. चटईचा विषय तिने कधी काढला नाही. चानकीही मागितली नाही. पिठाचा शेवटचा गोळा हातात राहिला, की आबिदाला अजून गलबलतं. ओट्याशी टाचा उंचावून उभी राहणारी ती पोर आठवते.

हम्मादला जिझानला काम लागलंय. आज घर रिकामं करायचं. खोकी गाडीत गेली.

"चटई राहू दे इथंच," आबिदा म्हणाली. "जुनी झाली."

"घरमालक बोंबलेल. गुंडाळ, खलास!" हम्माद दारातून ओरडला.

"मी उचलते," सुहाना म्हणाली.

चक्क मराठीत, थेट दाभोळच्या हेलात. घरात पाण्याचा पेला न उचलणारी पोर.

एका हाताने तिने कुर्त्याचा घेर आधीच धरला होता.