चौसष्टच्या मॉडेलचा ब्रेक

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो दीपक आजही सातपूरला गॅरेज चालवतो. विचारलं तर विषय बदलतो.

गेल्या डिसेंबरातला शनिवार. आजूबाजूचे कारखाने सुट्टीमुळे बंद. भर दुपार.

गॅरेजात एकाच ब्रिटिश स्पोर्ट्स कारची दोन मॉडेलं उभी होती. लाल गाडी चौसष्टची. बसकी, क्रोमच्या बंपरची, देखणी. हिरवी अठ्ठ्याहत्तरची. उंच, काळ्या रबरी बंपरची, थोराड. पण ब्रेक हिरवीचे चांगले. त्यात ब्रेक-तेलाच्या दोन वेगळ्या लाइनी, एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. लालमध्ये एकच.

हिरवीचे ब्रेक लालला बसवू, असं दीपकचं म्हणणं होतं. दोन्ही गाड्यांचे मालक कारभारीशेठ ऐकेनात. मुलीची, भाग्यश्रीची पाठवणी त्यांना लालमधूनच करायची होती.

"माझ्या मोहिनीवहिनीची गाडी आहे. तिच्या वेळी होती तश्शी पाहिजे."

दीपकने पाइप बदलले, ब्रेक जुनेच ठेवले. आता लाइनमधली हवा काढायची. या कामाला दोघं लागतात. बायको, उज्वला, पेडलवर पाय ठेवून आत बसली. तो मागच्या चाकाशी, गाडीखाली आडवा.

"दाब."

"दाबलं."

त्याने चाकामागचा, हवा सोडायचा निपल सैल केला. तेलाबरोबर बुडबुडे आले. निपल आवळला.

"सोड."

असं बराच वेळ चाललं. मग...

"दाब."

उत्तर नाही.

पण तेल आलं.

निपल आवळत तो म्हणाला, "अगं, बोलत जा की."

वरून आवाज आला. हळू, धाप लागल्यासारखा...

"दाबलंय. लागत नाहीये."

पेडल पुन्हा दाबलं गेलं. पुन्हा. भराभर. तो सांगायची वाट न बघता.

तेवढ्यात फाटक वाजलं. झोपल्या जागेवरून त्याला उज्वलाच्या चपला दिसल्या...

बाहेरून आत येणाऱ्या.

"चहा आणलाय. सांगून गेले होते ना? कुणाशी बोलताय, अहो?"

तो सरपटत बाहेर आला. सीट रिकामी. पेडल तळाला टेकलेलं.

संध्याकाळी त्याने कारभारीशेठना फोन लावून एवढंच विचारलं, वहिनी कशा गेल्या?



"कसारा घाटात. याच गाडीत. सगळे म्हणाले, बाईला ब्रेक मारायचं सुचलंच नाही."

दीपकने ऐकलेलं सांगितलं. शेठनी फोन ठेवून दिला.

भाग्यश्रीची पाठवणी हिरव्या गाडीतून झाली.

लाल अजून गॅरेजच्या कोपऱ्यात आहे. बॅटरी काढून ठेवलेली. ब्रेकची हवा काढताना तिथे आता कुणी तोंडाने 'दाब' म्हणत नाही. टॉर्चने खूण करतात.

कारण मध्यंतरी, दुसऱ्याच एका गाडीखाली असताना, सवयीने दीपकच्या तोंडून तो शब्द निघून गेला...

आणि कोपऱ्यातल्या लाल गाडीचे मागचे ब्रेकचे दिवे लागले.