सात नंबरचा रेडिओ

सात नंबरचा रेडिओ खोटा होता.

सरकारी लेखापरीक्षक बाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा पाहिला. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना संस्था घरपोच रेडिओ देई. अनुदानातून घेतलेले बारा. आजच्या पाहणीसाठी सगळे परत मागवलेले. एक जरी कमी भरला, तर पुढचा हप्ता बंद.

"बारा आहेत, बाई," चिटणीस म्हणाले. "वर्षभर कुणी फिरकत नाही, आणि आज रेडिओंचीसुद्धा जनगणना."

"बाकी अकरा रेडिओंच्या तबकडीवर चिकटपट्टी आहे. कशाला?"

"आजारी माणसांचे हात थरथरतात," भांडार सांभाळणारे काका हळूच म्हणाले. "स्टेशन हलू नये म्हणून मीच लावतो."

"मग याला?"

"निघाली असेल."

"निघाली तर डाग राहतो. हा कोरा आहे. कुणाकडे होता?"

"एका आजींकडे. उन्हाळ्यात गेल्या. त्याच आठवड्यात परत आला. वहीत आहे."

बाईंनी सेलची वही उघडली. "सेल कोण देतं?"

"काकाच," चिटणीस म्हणाले. "किल्ली त्यांच्याकडे. मला तर कपाट कुठल्या बाजूला उघडतं तेही ठाऊक नाही."

बाईंनी वही मिटली.

"काका, आजी गेल्या तरी सात नंबरला दर महिन्याला दोन सेल जातात. कपाटातला रेडिओ सेल खात नाही. म्हणजे खरा सात नंबर अजून कुठेतरी वाजतोय. तुम्ही तो आणलाच नाहीत. पाहणीचं पत्र आल्यावर पदरमोड करून तसाच दुसरा घेतलात, आकडा रंगवलात. पट्टी लावायची तेवढी राहिली, कारण तो ऐकणारं कुणी नव्हतं."

काका स्टुलावर टेकले.

"आणायलाच गेलो होतो. आजींच्या मागे राहिलेल्या आजोबांनी दार उघडलं. आत रिकाम्या खाटेशी रेडिओ लागलेला. म्हणाले, बंद केला की घर अंगावर येतं. मला तो उचलवेना."

"मग त्यांच्या नावावर द्यायचा."

"फॉर्मात आजार लिहावा लागतो, बाई. त्यांना काही झालेलं नाही. नुसते एकटे आहेत. तसा रकाना नाही."

गावोगाव दुसऱ्यांची कपाटं तपासत फिरणाऱ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"खोट्या नोंदीचा आक्षेप तुमच्या नावावर पडेल," त्या म्हणाल्या. "तो मी लिहिणार. पण वस्तू हरवलेली नाही, हप्ता थांबणार नाही. मला ती डोळ्यांनी पाहावी लागेल. पत्ता द्या."

दुपारी आजोबांनी दार उघडलं. बाईंनी रेडिओ उलटा करून आकडा पाहिला, कागदावर खूण केली.

"नेणार ना आता?" आजोबांनी विचारलं.

"नाही. फक्त बघायला आले होते."

आजोबांनी दुसऱ्या खुर्चीवरची घडी घातलेली चादर उचलली.

"मग बसून बघा की."