पदरात घेतलेला दोष

"सुई एक दिवस चुकवलंय नाय गो! एक दिवस नाय! मगे माझो लवू कसो गेलो?... तू शिकलली मां? सांग माका!"

आनंदी ओटीवरच्या बायकांत बसून लेकीला विचारत होती. सगळ्यांच्या नजरा सावित्रीकडे वळल्या. पुण्याहून एस.टी.ने ती मालवणात उतरली त्याला तासही झाला नव्हता. मे महिन्यातली हवा प्रेत ठेवण्यासारखी नव्हती, म्हणून तिच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. तेरा वर्षांच्या तिच्या धाकट्या भावाला कालच अग्नी दिला होता.

दोन वर्षांपूर्वी, १९९६ साली, लवू घागरभर पाणी पिऊनही सुकत चालला, तेव्हा तो मधुमेह आहे हे पहिल्यांदा पुण्यात जीवशास्त्रात संशोधन करणाऱ्या सावित्रीनेच ओळखलं होतं. लहान मुलांना होणारा, इन्सुलिनशिवाय फार दिवस जगू न देणारा तो निर्दय आजार! तेव्हापासून दर दोन महिन्यांनी ती थर्मासमधून इन्सुलिनच्या बाटल्या घेऊन येई. घरात फ्रिज नव्हता. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात बाटली कशी ठेवायची, सुई कशी भरायची, हे तिने आईला, आनंदीला, चारचारदा करून दाखवलं होतं. चार वर्षांपूर्वी नवरा समुद्रात बुडून गेल्यापासून मासळी विकून तीन मुलं वाढवणारी, अक्षरशत्रू आनंदी ते काम देवपूजेसारखं करी.

"उन्हाळो बघलंय," आनंदी छाती पिटत सांगत होती, "आणि मडक्यार भरवसो ठेवलंय नाय. बाटली काढलंय नि मासळीच्या पेटीत ठेवलंय, बर्फात! वर जाडा मीठ घातलंय, थंडाय ऱ्हवांदे म्हणान. सकाळी ती दगड झालली असायची. मगे पदरात धरून, पोटाशी धरून तिका ऊब देय होतंय... नि मगे सुई भरी होतंय. धा दिवस असा केलंय गो! आणखी काय करूचा होता मी?"

"आयशीन किती केल्यान!" शेजारची हौसाबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाली.

आनंदीने ती अर्धी बाटली सावित्रीच्या हातात दिली. सावित्रीने ती उजेडात धरली... काचेच्या आतल्या बाजूला पांढरे कण चिकटले होते, दूध नासावं तसे. मिठाच्या बर्फात औषध गोठलं होतं. गोठलेलं इन्सुलिन मेलेलं असतं. वितळवलं तरी पुन्हा जिवंत होत नाही. दहा दिवस लवूच्या अंगात नुसतं पाणी गेलं होतं... आणि ते त्याच्या जन्मदात्रीने, पोटाशी धरून ऊब देऊन, आपल्या हाताने टोचलं होतं!

एक वाक्य... फक्त एक वाक्य बोलायचं होतं. सावित्रीने आईकडे पाहिलं. मोकळे सुटलेले केस, दोन दिवस अन्नाचा कण न गेलेलं ते शरीर, आणि दारासमोर शंभर पावलांवर समुद्र. हे वाक्य ऐकल्यावर ही बाई संध्याकाळपर्यंत जगणार नाही, हे तिला लख्ख कळलं.

"आये," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "तू काय चुकलंस नाय. बाटलीच खराब होती. मुदत संपलली होती. मी... मी तारीख बघूक नाय."

मग आनंदीच्या कंठातून जी किंकाळी निघाली, ती वाडीत तीन घरांपलीकडे ऐकू गेली.

"भावाक खाल्लंस! रांडे, माझ्या झिलाक खाल्लंस! भायर हो! माझ्या जिवात जीव आसा तवसर ह्यो उंबरो चढा नको!"

सावित्रीचा पाठचा भाऊ विकी, तेव्हा एकोणीस वर्षांचा, आईला आवरायला धावला. सावित्रीने बाटली पिशवीत टाकली आणि पायऱ्या उतरली. मागे वळून पाहण्याचाही अधिकार तिने आपण होऊन सोडून दिला होता.

पुण्याला परतल्यावर तिने संशोधनाचा विषय बदलून घेतला. शरीराचे पहारेकरी म्हणजे टी पेशी; बाहेरच्या जंतूंवर तुटून पडायचं, पण आपल्या माणसाला ओळखून सोडून द्यायचं, हे त्यांचं काम. ही जी सोडून देण्याची शिकवण, तिला शास्त्रात सहिष्णुता म्हणतात. लवूच्या शरीरात ती शिकवण कुठेतरी फसली होती, आणि त्याच्याच पेशींनी इन्सुलिन बनवणारा त्याचा भाग खाऊन टाकला होता. का? कधी? त्यांना पुन्हा शांत करता येईल का? या तीन प्रश्नांपायी सावित्रीने आपलं तारुण्य प्रयोगशाळेत वाहून टाकलं.

टी पेशीला पेटायला दोन इशारे लागतात. पहिला मिळाला आणि दुसरा अडवला, तर ती पेशी पेटत नाही, सुस्त होते. सावित्रीने तो दुसरा इशारा अडवण्याची एक रीत शोधली. मधुमेह होणाऱ्या जातीच्या उंदरांना तिने ते पिल्लू असतानाच तशी टोचणी दिली, आणि त्यांतले बहुतेक म्हातारे होईपर्यंत निरोगी राहिले! २००४ साली तो निबंध छापून आला, परदेशातून पत्रं आली. त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटून झाल्यावर एका विद्यार्थिनीने सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही हाच विषय का घेतलात?"

"मूलभूत आहे," सावित्री म्हणाली, आणि उंदरांचे पिंजरे मोजायला आत निघून गेली.

दर वर्षी चतुर्थीला ती मालवणला जाई. लॉजवर उतरे. विकी चोरून भेटायला येई, मोदकांचा डबा देई. मासळीबाजारात आनंदी टोपलीपुढे बसलेली दिसे, लेकीची चाहूल लागली की ती पाठ फिरवी आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणे, "इली, भावाक खाल्लली इली!" कुडाळच्या एका शाळामास्तराचं स्थळ जुळत आलं होतं, ते या शब्दांनीच मोडलं. सावित्रीने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. आई जगते आहे ना, रागाच्या आधाराने का होईना, रोज उठून उभी राहते आहे ना... एवढंच ती मनाशी म्हणे.

पण पिल्लांमध्ये साधलं ते आजारी उंदरांमध्ये साधेना. तीन वर्षं तिने सगळे मार्ग करून पाहिले. रोग एकदा जडला की तिच्या टोचणीचा उपयोग शून्य होता. २००८ साली तिने हे अपयश सविस्तर लिहून छापायला पाठवलं. "एवढी घाई कशाला?" प्रयोगशाळेचे प्रमुख नाराजीने म्हणाले, "तुमचंच नाव खाली येईल." "सर, कुणीतरी आधीच्या निबंधावर विसंबून राहील," ती म्हणाली. उभ्या आयुष्यात तिने एकच असत्य सांगितलं होतं. दुसरं सांगण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती.

फेब्रुवारी २०१० मध्ये विकीचा फोन आला. त्याची मुलगी उर्वशी आठ वर्षांची होती.

"ताय... चेडू सारख्या पाणी पिता. सुकत गेला. आणि आता उलटे करता..." पुढे त्याला बोलवेना.

सावित्रीने परीक्षानळी खाली ठेवली. "विकी, आत्ताच्या आत्ता रिक्षात घाल नि जिल्ह्याच्या हॉस्पिटलात ने. साखर बघा म्हणान सांग. एक मिनिट थांबू नको!"

दुसऱ्या दिवशी ती पोहोचली तेव्हा उर्वशीच्या हाताला सलाइन होतं आणि श्वास जाग्यावर येत होता. खाटेशेजारी जमिनीवर आनंदी बसली होती. केस पार पांढरे झाले होते. तिने लेकीकडे पाहिलं मात्र, आणि पुटपुटली, "तू कित्याक इलंस? ह्येका पण औषध आणलंस?"

सावित्री उर्वशीच्या उशाशी बसली. तिच्या मनात एकच काळजी थैमान घालत होती. औषध बर्फात ठेवायचं नाही, हे घरात कुणाला तरी सांगायला हवं... पण आईच्या कानावर न जाता! विकीला बाजूला घेऊन सांगू, असं ती तीन दिवस घोकत होती. आणि घरी सोडायच्या दिवशी विकी नेमका औषधांच्या दुकानात गेला असताना नर्सबाई कागद घेऊन आल्या.

"आजी, नीट ऐका हं. घरी फ्रिज आहे ना? मग दारातल्या कप्प्यात ठेवायचं. वरच्या बर्फाच्या खणात नाही. आणि तुम्ही मासळीवाले ना? वीज गेली म्हणून बर्फाच्या पेटीत तर मुळीच घालू नका."

"सिस्टर, मी सांगते त्यांना नंतर..." सावित्री घाईने मध्ये पडली.

"अहो, सांगू द्या. इकडे पुष्कळजण तीच चूक करतात. गोठलं की औषध मेलं, आजी. वितळवून दिलंत तरी ते पाणीच. पोराच्या जिवावर बेततं."

नर्सबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. आनंदीचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, आणि ती त्यांच्याकडे बघत होती. मग ती भिंतीला धरून उठली, वऱ्हांड्यात गेली. सावित्री मागोमाग धावली.

"तुका ठाऊक होता?" आनंदीने विचारलं. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"आये, ती बाटली मुदत संपलली..."

"खोटा बोलू नको!"

सावित्रीची मान खाली गेली. "होय. बघल्या बघल्या कळला माका."

"नि माका सांगलंस नाय?"

"तू जगलंच नसतंस, आये!"

"नसतंय जगलंय! तां माझा मी बघलंय असतंय!" आनंदी तिच्या समोर येऊन उभी राहिली. "बारा वर्सां गो... बारा वर्सां दर अमाशेक लवूक पान ठेवलंय नि सांगलंय, बाबू, तुझ्या भैनीन तुका मारल्यान, तिका क्षमा करू नको. नि तो आयकत ऱ्हवलो असात! माफी माका मागूची होती तेची. माझा पाप माका न सांगता उचललंस... कोणी सांगितलेला तुका? कोणी?"

आपण आईला वाचवलं एवढंच सावित्रीला आजवर माहीत होतं. आपण तिच्याकडून काय हिरावून घेतलं, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

"चुकलंय, आये," ती म्हणाली.

आनंदीने पदराने तोंड पुसून विचारलं, "तू तां उंदरांचा काय करतंस... त्येना ह्या चेडू बरा होतला?"

"नाय, आये. बारा वर्सां केलंय, पण तां अजून माझ्या हातात नाय. तेका जन्मभर सुई घेऊक व्हयी."

आनंदीने तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षांत पहिल्यांदा ती लेकीकडे नीट पाहत होती: कानांमागे पिकलेले केस, चष्मा, पोक आलेले खांदे. खाटेकडे परत जाऊन तिने नातीचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, होड्या लागून मासळीचा लिलाव उरकला होता, तेव्हा आनंदी टोपली न घेता बाजारात आली. मागे सावित्री होती, तिचा हात धरून विनवत होती, "आये, नको. आता कोणाक सांगून काय होवचा आसा?" आनंदीने हात सोडवून घेतला. हौसाबाई सुरमई कापत होती, तिच्यासमोर ती उभी राहिली.

"हौसा, कोयती ठेव. सगळ्यांनी आयका." बाजार हळूहळू निवला. "माझ्या सावित्रीन भावाक मारूक नाय. औषध चांगला होता. मी तां बर्फात घालून नासवलंय. मिया मारलंय लवूक, ह्या हातांनी. ह्या चेडवाक सगळा ठाऊक होता, नि ह्या गप ऱ्हवला. तुमच्यासमोर मी तेका नाय नाय तां बोललंय. आता तुमी माका काय तां बोला."

हौसाबाईने तोंडाला पदर लावला. एका गिऱ्हाइकाने काही न समजून बांगड्यांचा भाव विचारला, त्याला कुणी उत्तर दिलं नाही. आनंदी थोडा वेळ तशीच उभी राहिली, शिव्या पडण्याची वाट बघत; मग वळली आणि चालू लागली.

घराच्या पायऱ्यांपाशी सावित्री सवयीने थांबली. आनंदी वर चढली, माजघरात गेली, आणि तिथूनच म्हणाली, "ये."

भिंतीवर लवूचा शाळेतला फोटो होता. तो सावित्रीने कधी पाहिलेला नव्हता. ती गेल्यानंतर लावलेला. ती त्याच्यासमोर उभी राहिली. गुन्हेगाराला शोक करता येत नाही, म्हणून तिने बारा वर्षं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आज तर रडायचं कसं तेच तिला आठवेना.

आनंदी जवळ आली. लेकीच्या पाठीवर हात ठेवायला तिने हात उचलला, पण तो मध्येच थांबला... तिला आता आपल्या हातांचं भय वाटत होतं. सावित्रीने तो हात धरला आणि आपल्या गालाशी नेला.

"इतकी वर्सां एकटीच रडलंय मी तेच्यासाठी," आनंदी म्हणाली. "आता तू पण रड, बाये. तुझो भाव होतो तो."